वडखारचे सोडे

वडखारला शहरातले विद्यार्थी येणं हे काही नवं नव्हतं. भागूबाईच्या पडवीत आधीच्या तुकड्यांनी सोडून दिलेलं सामान पडून होतं. अगरबत्त्या वळायचं एक लाकडी यंत्र, ज्याच्यावर कोंबड्या बसत, आणि मेणबत्त्यांचे पत्र्याचे साचे, ज्यांत तिची सून तेजस्वी कपड्यांचे चिमटे ठेवायची. त्यामुळे २००२ च्या दिवाळीनंतर अश्लेषा, कौस्तुभ आणि संकेत असे तिघं नवे विद्यार्थी खाडीकाठच्या त्या गावात आले, तेव्हा भागूबाईने त्यांना पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"तुमी काय आनलाव?" तिने विचारलं.

"काहीच नाही आणलं, मावशी," अश्लेषा म्हणाली. "आधी बघायला आलोय."

"बघून सगलेच जातान," भागूबाई म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

अश्लेषा माणिकपूरला राहायची. वडील मुंबईत सरकारी नोकरीत होते, आई घरी शिकवण्या घ्यायची. मुंबईच्या विद्यापीठात ती ग्रामीण विकासात एम. ए. करत होती आणि शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाला एक गाव घ्यावं लागे. गावातल्याच साधनांवर चालेल, गावातल्याच माणसांना करता येईल आणि खाडीला, जमिनीला त्रास देणार नाही असा एखादा उद्योग उभा करायचा. विभागाच्या विनया मॅडम हे इतक्या वेळा सांगायच्या, की कौस्तुभ त्यांच्या आवाजात ते पूर्ण वाक्य म्हणून दाखवायचा. कौस्तुभ ठाण्याचा, संकेत गिरगावातला. वडखार अश्लेषाच्या घराजवळ, म्हणून गावाची जबाबदारी आपोआपच तिच्याकडे आली.

वडखारला एके काळी मिठागरं होती. ती बंद पडली. भाताची शेतं होती, पण खाडीचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं, ते पुन्हा पुरतं बाहेर गेलंच नाही. आता पुरुष गोखिवऱ्याच्या कारखान्यांत कामाला जात, आणि बायका ओहोटीला खाडीत उतरून हातजाळ्याने कोळंबी धरत. ती सोलून वाळवली की तिचे सोडे व्हायचे. पण वाळवायच्या बांधावरच्या मातीत, जुन्या गोणपाटावर. सोड्यांत रेती यायची. वसईचा एक व्यापारी येऊन ते सगळे एकदम उचलून न्यायचा आणि उपकार केल्यासारखा भाव द्यायचा.

महिनाभर हिंडून, बोलून तिघांनी ठरवलं की अगरबत्ती नको, मेणबत्ती नको. सोडेच करायचे, पण जमिनीपासून उंच. बांबूचे मांडव, त्यावर बारीक जाळी, वरून माश्या बसू नयेत म्हणून दुसरी जाळी. स्वच्छ पिशव्या, आणि व्यापाऱ्याला न देता थेट दुकानात विक्री. हे त्यांनी गावदेवीच्या देवळात बायकांना बोलावून सांगितलं. तेजस्वीने पदराआड तोंड करून जांभई दिली.

"ह्ये आमालाबी ठावं हाय," भागूबाई म्हणाली. "उंचावर सुकवलं की रेती लागत नाय. पन बांबू कोन देनार?"

"बांबू विद्यापीठ देईल," संकेत म्हणाला.

"मंग द्या," ती म्हणाली. "आमी काय नको बोललाव?"

मांडव भागूबाईच्या नवऱ्याने, शत्रुघ्नने बांधले. तो सारा जन्म मिठागरावर राबला होता आणि ती बंद पडल्यापासून दिवसभर ओटीवर बसून असायचा. बांबू आले तेव्हा तो कोणी न सांगता उठला. कोयता घेऊन बाहेर आला आणि संध्याकाळपर्यंत पहिला मांडव उभा राहिला. तो फारसं बोलत नसे. कौस्तुभने "काका, मस्तच झालंय" म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "वारा आला की समजंल."

वारा आला, मांडव हलले नाहीत.

विक्रीसाठी अश्लेषा पापडीला गेली. तिथे चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुलियाना नावाच्या बाईचं दुकान होतं. लोणची, घरचं व्हिनेगर, सुकी मासळी, केळी. जुलियाना साठीची, जाड भिंगांचा चष्मा घालणारी. तिने पिशवी फोडली, एक सोडा तोंडात टाकला आणि दाताखाली रेतीची वाट बघत बराच वेळ चघळत राहिली.

"कुठली गो ही?"

"वडखारच्या खाडीची, आंटी."

"खाडीची ती कळली. गोड लागते. रेती कशी नाय?"

अश्लेषाने मांडवाचं सांगितलं. जुलियानाने आणखी एक सोडा तोंडात टाकला. "आगोटीला आण," ती म्हणाली. "पावसाळ्याचं भरायला बायका येतात, तेव्हा खाडीचे सोडे आधी मागतात. पण एकदा जरी रेती लागली ना, मी परत दारात उभी करणार नाय."

पुढच्या मे महिन्यात वडखारचे सोडे पापडीला गेले, माणिकपूरच्या दोन दुकानांत गेले, आणि पाऊस लागण्याआधी संपले. पिशवीवर कौस्तुभने काढलेलं लेबल होतं. निळ्या लाटा आणि खाली अक्षरं: "वडखारचे सोडे. वडखार खाडीची ताजी कोळंबी." तेजस्वीने पहिलं लेबल घराच्या दारावर चिकटवलं. भागूबाईने विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं, तांदळाच्या भाकरी आणि सोड्यांचं कालवण केलं, आणि संकेतला तिसरी भाकरी नको असताना वाढली.

मग निकाल लागले. कौस्तुभला पुण्याला नोकरी मिळाली. संकेत पुढच्या परीक्षांच्या मागे लागला. सुरुवातीला दोघांचे फोन यायचे, "काय म्हणतंय वडखार?" पुढे सणावारी यायला लागले. पुढच्या तुकडीतली मुलं आली, पण ती महिन्यातून एकदा येऊन फोटो काढून जायची. विनया मॅडमनी विभागातर्फे अश्लेषाला एक वर्षासाठी तिथेच साहाय्यक म्हणून ठेवलं. मानधन इतकं कमी होतं की वडिलांनी त्याबद्दल काही विचारलं नाही, आणि हे न विचारणं तिला विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी काम वाढलं आणि त्यातली नवलाई गेली. सकाळी माणिकपूरहून निघायचं, सहा आसनी रिक्षात कोंबून घ्यायचं, फाट्यावर उतरून उन्हातून चालायचं. जाळी फाटली की नवी आणायची. कोणाची कोळंबी जास्त, कोणाची कमी, यावरून भांडणं झाली की दोन्हीकडचं ऐकायचं. दुकानदारांकडे उरलेल्या पिशव्यांची चौकशी करायची. परत येताना थैलीत सोडे असले की रिक्षावाला नाकाला रुमाल लावायचा. आई तिची थैली बाल्कनीतच ठेवायला लावायची. केसांना वास यायचा. मैत्रिणीच्या लग्नात एका बाईने तिच्या शेजारची खुर्ची बदलली, तेव्हा ती जेवून लगेच घरी आली.

"अजून किती दिवस हे?" वडिलांनी एकदाच विचारलं.

"वर्ष संपेपर्यंत," ती म्हणाली.

"आणि मग?"

तिने थैली बाल्कनीत नेऊन ठेवली. तिला झोप येत होती.

फेब्रुवारीत खाडी बिघडली.

आधी वास आला. मग पाण्यावर तांबूस, तेलकट तवंग दिसायला लागला. ओहोटीला चिखलात मेलेले निवटे मासे, मेलेल्या चिंबोऱ्या पडलेल्या दिसायच्या. बायकांनी जाळी टाकली तर काळा, बुळबुळीत गाळ वर आला. कृष्णाबाई म्हणून बायकांच्या गटातली सगळ्यांत म्हातारी बाई होती, ती तरीही दोन दिवस पाण्यात उतरली आणि तिच्या पायांना फोड आले. मांडव रिकामे झाले. जाळीवर कावळे येऊन बसायचे आणि काही नाही बघून उडून जायचे.

"पानी कुटनं येतं बघू," शत्रुघ्न म्हणाला. त्याने आपली लहान होडी काढली आणि अश्लेषाला बसवलं. भरतीबरोबर ते वरच्या अंगाला गेले. दोन्हीकडे तिवरांची झाडं होती, त्यांची मुळं काळी पडलेली. बऱ्याच वेळाने खाडीला येऊन मिळणारा एक नाला लागला. त्यात शिरले, तर पुढे त्याचे तीन फाटे झाले. तिन्हींत तेच तांबडं पाणी, तिन्ही झुडपांखाली शिरलेले, आणि लांबवर पत्र्याची छपरं. कुठल्या कारखान्यातून काय येतंय ते तिथून कोणालाच सांगता आलं नसतं.

"हितून म्होरं होरी जात नाय," शत्रुघ्न म्हणाला.

अश्लेषाने बाटलीत पाणी भरून घेतलं. हाताला लागलेलं पाणी तिने साडीला पुसायचं म्हणून हात नेला आणि तिच्या लक्षात आलं की आपण साडी नाही, ड्रेस घातलाय. दिवसभर बायकांत राहून आपल्याला आता तसंच वाटायला लागलंय, या विचाराने तिला हसू आलं. ते कोणाला सांगावं असं तिथे कोणी नव्हतं. शत्रुघ्न पाठमोरा वल्हवत होता.

ती आणि भागूबाई ती बाटली घेऊन सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या माणसाने सांगितलं की नमुना आमच्या माणसानेच घ्यावा लागतो. आमचा माणूस कधी येईल? येईल. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा तो रजेवर होता. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा सांगितलं की हे आमच्याकडे नाही, दुसऱ्या कचेरीकडे येतं. दुसऱ्या कचेरीत बसायला बाक होता. भागूबाई त्यावर बसली आणि बसल्या बसल्या झोपली. तिचं डोकं अश्लेषाच्या खांद्यावर आलं. अश्लेषाने खांदा हलवला नाही. आतला साहेब त्या दिवशी आलाच नाही. शिपायाने भागूबाईला हाक मारून उठवलं आणि म्हणाला, "आजी, बंद करायचंय."

"मी आजी नाय तुजी," भागूबाई म्हणाली. पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

मार्च संपत आला. आगोटीची मागणी जुलियानाने आधीच सांगून ठेवलेली. देवळात बायका पुन्हा जमल्या. शेवटी तेजस्वी म्हणाली, "पाचूबंदरला होऱ्या लागतान. तिथनं कोलंबी घेऊ. सोलू हितं, सुकवू हितं. मांडव हायेत, जाली हाय, हात हायेत. कोलंबी तेवरी नाय."

"पाचूबंदर केवढं लांब, गो," कृष्णाबाई म्हणाली. "पहाटंला तिथं पोचाचं. माजं गुडघं?"

"तू हितं सोल."

"सोलाला बोटं लागतान. मना आता दिसत बी नाय." कृष्णाबाईने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाली, "मना सोडा, बायांनो. तुमी करा."

कोणी तिला अडवलं नाही. तिला अडवायला हवं होतं, असं अश्लेषाला वाटलं. पण मग पुढचं बोलावं लागलं असतं, आणि तिच्याजवळ पुढचं काही नव्हतं.

आता प्रश्न लेबलचा होता. शेकड्याने छापून ठेवलेली लेबलं पडून होती आणि त्यावर वडखार खाडीची कोळंबी असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"असू दे की," तेजस्वी म्हणाली. "सोलनार आमी, सुकवनार आमी. मंग सोडे कोनाचे?"

"सोडे तुमचेच. पण कोळंबी खाडीची नाही ना," अश्लेषा म्हणाली.

"खाडीत कोलंबी नाय ती आमी मारली का?"

देवळातल्या घंटेला एक लहान पोर लोंबकळत होतं, त्याला कोणीतरी ओरडलं. मग अश्लेषा म्हणाली, "जुलियाना आंटींना सांगायला हवं. त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून घेतलंय."

"ती घेनार नाय मंग," तेजस्वी म्हणाली.

"नाही घेणार कदाचित."

बायका आपसांत बोलायला लागल्या, आवाज चढले. भागूबाई हात वर करून म्हणाली, "मी सांगतंय तिला. पोरीला कशाला फुडं करता? माल आपला, तोंड आपलं."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भागूबाई आणि अश्लेषा दोघी पापडीला गेल्या. पाचूबंदरच्या कोळंबीचे पहिले सोडे थैलीत होते. चांगले मोठे, रंगाने गुलाबी, रेतीचा कण नाही. जुलियाना काउंटरमागे एका गिऱ्हाइकाला व्हिनेगर देत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत भागूबाई दाराशीच उभी राहिली. मग आत जाऊन थैली काउंटरवर ठेवली आणि उघडायच्या आधीच म्हणाली, "जुलियानाबाय, ह्ये खाडीचं नाय. पाचूबंदरचं हाय. खाडी मेली आमची."

जुलियानाने चष्मा वर केला. थैलीकडे बघितलं, भागूबाईकडे बघितलं, अश्लेषाकडे बघितलं.

"मेली म्हणजे?"

भागूबाईने सांगितलं. मोजकं सांगितलं. फोडांचं, कावळ्यांचं, कचेरीचं. जुलियानाने मध्येच एकदा कपाळावर, छातीवर क्रूस केला. पण पिशवी हातात घेतली नाही.

"मी आता काय सांगू?" ती म्हणाली. "रविवारी मिस्सा सुटला की बायका इथेच येतात. वर्षभर सांगितलंय मी, खाडीचे सोडे येणार, खाडीचे येणार. माझी रिटा मुलुंडवरून फोन करते, मम्मी माझ्यासाठी राखून ठेव. पाचूबंदरचे तर सगळेच देतात. माझ्या शेजारच्या दुकानात हायेत."

"रेती नाय याच्यात, आंटी," अश्लेषा म्हणाली.

"मला म्हायत हाय रेती नाय." जुलियानाचा आवाज चढला, मग खाली आला. "तुम्ही सांगितलं ते बरं केलं. दुसरीकडून कळलं असतं तर मी पिशव्या रस्त्यावर फेकल्या असत्या." ती थांबली. "निम्मे ठेव. आणि ते लेबल काढ. मी माझ्या बरणीत भरून विकीन."

त्यांनी तिथेच उभं राहून पिशव्या फोडल्या आणि सोडे बरणीत ओतले. लेबलं भागूबाईने गोळा करून कमरेला खोचली. उरलेले सोडे थैलीत परत भरले.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. चर्चच्या भिंतीची सावली पायांइतकीच होती. भागूबाई तिथे भिंतीला टेकून खाली बसली आणि चपला काढून तळपाय चोळायला लागली.

"सांगाचंच होतं," ती म्हणाली. "पन आजच नको होतं सांगाला."

अश्लेषाला एकदम राग आला. तो कोणावर, हे तिला ठरवता येईना. जुलियानावर नव्हता, भागूबाईवर नव्हता. आजच नको होतं, हेच तिच्याही मनात होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको होतं. ती भागूबाईच्या शेजारी बसली. बस गेली, ती त्यांनी जाऊ दिली.

"मावशी, माणिकपूरच्या दुकानांत विचारते मी," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"विचार," भागूबाई म्हणाली. "जरा बस मंग जा."

विनया मॅडम एप्रिलच्या शेवटी आल्या. वर्षाच्या शेवटी त्यांना सगळ्या गावांना भेट देऊन विभागाला कळवावं लागे. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती, आवाज बसला होता, आणि सकाळपासून त्या दुसऱ्या दोन गावांतून फिरून आल्या होत्या. भागूबाईने त्यांना ओटीवर बसवलं, काळा चहा दिला. मांडव भरलेले होते. गटात उरलेल्या बायका सोलत होत्या. कोणीच काही लपवलं नाही. भागूबाईने स्वतःच सांगितलं की ही पाचूबंदरची कोळंबी, खाडीची नाही.

मॅडम मांडवांमधून फिरल्या. एक सोडा हातात घेतला, परत ठेवला. मग अश्लेषाला बाजूला घेऊन खाडीच्या बांधावर गेल्या. बांधावर चालताना त्यांना धाप लागत होती.

"इथलं पाणी अजून असंच आहे?" त्यांनी विचारलं.

"थोडं कमी झालंय. वास येतो अजून."

मॅडमनी रुमालाने नाक पुसलं. "मी काय लिहू, अश्लेषा? गावातल्या साधनांवर, खाडीवर अवलंबून, असं आपण मागच्या वर्षी लिहिलं. आता कोळंबी बाहेरची, गटातल्या निम्म्या बायका गेल्या, मोठ्या दुकानाची मागणी निम्मी झाली."

"बायका काम करतायत, मॅडम. भागूबाई, तेजस्वी पहाटे उठून पाचूबंदरला जातात. आणि कोणी सांगावं लागत नाही त्यांना."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग तो आता आपला प्रकल्प नाही राहिला. त्यांचा धंदा झालाय." त्यांनी हे चांगल्या अर्थाने म्हटलं की वाईट, ते त्यांच्या बसलेल्या आवाजावरून कळेना. "आणि आपल्याला पैसे प्रकल्पाला मिळतात."

दोघी उभ्या राहिल्या. पलीकडे तिवरांत एक बगळा चिखलात एका पायावर उभा होता. तो काही खात नव्हता, हे अश्लेषाच्या लक्षात आलं. नाहीतर कदाचित तो नुसताच उभा असेल.

"पुढच्या वर्षी आम्ही दुसरं गाव घेतोय," मॅडम म्हणाल्या. "डोंगराच्या बाजूचं. तुला यायचं असेल तर मी बोलते. तुझा अनुभव..."

"नको, मॅडम."

"विचार कर."

"नको. खरंच नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, कारण हाताला मासळी होती.

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मीही सोळा वर्षं झाली हे करतेय," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. जाताना त्यांनी मांडवांकडे बोट दाखवून भागूबाईला सांगितलं, "ही जाळी विभागाची आहे. ती फाटून गेली असं मी कळवते. तुम्ही वापरा."

"फाटली नाय ती," भागूबाई म्हणाली.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

अश्लेषाचं वर्ष तिथे संपलं. ती घरी आली, न्हाली आणि झोपली. दुसऱ्या दिवशीही बराच वेळ झोपली. आईने शिकवणीच्या मुलांना हळू बोलायला सांगितलं. नंतर आठवडाभर ती काहीच करत नव्हती. बाल्कनीत बसायची, खालच्या रिक्षा स्टँडवरची भांडणं ऐकायची. कौस्तुभचा फोन आला, तेव्हा तिने वडखारचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बंद पडलं." ती म्हणाली, "नाही, बंद नाही पडलं." तो म्हणाला, "मग?" तिने विषय बदलला.

स्टेशनजवळ एक संगणकाचं शिक्षण देणारी संस्था होती, तिथे प्रवेशाच्या टेबलावर तिला नोकरी मिळाली. मुलं यायची, कुठला कोर्स केला तर नोकरी लागेल विचारायची, ती सांगायची. खोलीत थंडगार असायचं. केसांना वास येत नसे. वडिलांनी पहिल्या दिवशी पेढे आणले. सगळ्यांशी ती नीट बोलायची, आणि संध्याकाळी घरी येऊन दिवसभर आपण काय बोललो ते तिला आठवत नसे.

मे महिन्याच्या शेवटी एका रविवारी ती वडखारला गेली. जायचं ठरवलं नव्हतं. भाजी घ्यायला म्हणून बाहेर पडली आणि सहा आसनी रिक्षात बसली.

भागूबाईच्या अंगणात आता कमी बायका होत्या. तेजस्वी होती, आणखी दोघी-तिघी. कृष्णाबाईही बसलेली होती, पण ती नुसतीच गप्पा मारायला. शत्रुघ्न एका मांडवाची काठी बदलत होता. अश्लेषाला बघून तेजस्वी म्हणाली, "आयलाव? बसा." आणि सोलायला लागली. कोणी उठलं नाही. कोणी तिच्याकडून काही मागितलं नाही. जाळी आणायची, दुकानात बोलायचं, कचेरीत जायचं, यांतलं काहीच नाही.

ती खाली बसली आणि टोपलीतली कोळंबी सोलायला लागली. थोड्या वेळात कोळंबीचा काटा बोटात घुसला. "सवय गेली," कृष्णाबाई म्हणाली. अश्लेषाने बोट तोंडात धरलं आणि पडवीच्या भिंतीला टेकली. जरा टेकते, असं ती म्हणाली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिच्या डोक्याखाली कोणीतरी चादरीची घडी सारली होती, आणि अंगावर माश्या बसू नयेत म्हणून जुनं पातळ पांघरलं होतं. अंगण झाडलेलं होतं. टोपल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. भागूबाई जवळच बसून लसूण सोलत होती.

"मावशी, उठवलं का नाही?"

"कशाला उठवू? काम झालं," भागूबाई म्हणाली. "कितीक दिसांची झोप ती. तोंडावरनं दिसत होती."

अश्लेषा उठून बसली. पाय जड झाले होते. "पाचूबंदरला कसं जाता आता?"

"कृष्नाबायचा पोरगा टेम्पो काडतो. तो तिकडंच माल घेऊन जातो, त्येच्यासंगं जातो आमी. दोगीच जातो, मी आन तेजस्वी. दोगींचंच परवडतं."

"जुलियाना आंटी घेतात?"

"घेती. कमीच घेती. बोलती खाडी कवा उठनार तुमची." भागूबाईने लसणाची सालं फुंकून टाकली. "कचेरीचा मानूस आयला होता मागच्या सोमवारी. बाटली भरून घेऊन गेला."

"खरंच? काय म्हणाला?"

"काय नाय बोलला. बोलला कलवतील."

"आणि कोळंबी?"

"बारीक बारीक दिसती, भरतीला. तेजस्वी बोलली धरू. मी बोलली नको. वाडू दे तिला आधी. वाडली तर वाडली." तिने लसूण परातीत टाकला. "चा ठेवू का?"

"ठेवा."

भागूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. आत तिने रॉकेलचा स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. बाहेर शत्रुघ्नने मांडवावरची वरची जाळी बाजूला केली होती आणि तो सोडे पालथे करत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता. अश्लेषा थोडा वेळ बघत राहिली. मग चपला न घालताच उठली आणि दुसऱ्या बाजूने पालथे करायला लागली.